उचलत्या पुलाचे उकंडाबाबा

उकंडाबाबा सरकटे यांच्यावर आमच्या गावाने शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. माणूस थापाड्या होता असं नाही. ते जे सांगत, ते गावाला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. ते म्हणत, "आमचा पूल वर जाये." रेल्वेचा पूल. त्याचा मधला गाळा रुळांसकट आभाळात जायचा, खालून होडी निघून जायची आणि मग पूल पुन्हा जागेवर बसायचा. आता आमच्या नदीत होडी कुणी पाहिलेली नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी, दिवाळीनंतर डोह, माघात वाळू. इथल्या माणसाला सांगायचं की एका होडीसाठी रेल्वेने थांबावं आणि पुलाने उठून उभं राहावं! फाट्यावरच्या चहाच्या टपरीत रोज कुणीतरी विचारायचंच,

"काहो बाबा, पूल वर गेला, मंग खाली आला का तिकडंच राह्यला?"

"आला ना. नाई आला असता तं मी घरी कसा आलो असतो, बावा?"

हसू ओसरलं की ते स्वतःही हसत. पण एकदा त्यांनी खरंच करून दाखवलं. टपरीमागच्या लिंबाच्या फांदीवरून दोर टाकला. एका टोकाला टपरीवाल्याचा मसाला वाटायचा पाटा बांधला, दुसऱ्या टोकाला दगडांची टोपली. एकेक दगड घालत गेले, काढत गेले, पुन्हा घातला. मग एका बोटाने टोपली खाली दाबली आणि पाटा अलगद वर आला.

"आता सांगा, पाटा मी उचलला का दगडाईनं?"

"दगडाईनं," टपरीवाला म्हणाला. "तुमी तं काईच नाई केलं."

"तेच तं सांगून राह्यलो. तोल बरोबर असला म्हंजे पूल बोटानं उचलते. दोन मनोरे, वर चाकं, चाकावरून लोखंडाचे दोर. दोराच्या इकडल्या टोकाले पूल, तिकडल्या टोकाले तेवढ्याच भाराचं वजन. पूल वर, वजन खाली. मोटर बापडी फक्त बोट लावते."

ते जऊळक्याच्या स्टेशनावरून तरुणपणी गेले होते, रूळ टाकणाऱ्या टोळीबरोबर. टोळी हिंडत हिंडत दूर समुद्राकडे गेली आणि तिथे एका नदीच्या मुखाजवळच्या पुलावर यांना खलाशी, म्हणजे पुलावरचा मजूर, म्हणून ठेवून घेतलं. एकतीस वर्षं तिथेच. पूल इंग्रजांच्या काळातला, लोखंडी पट्ट्या रिबिटांनी ठोकून जोडलेला. त्या काळी डोलकाठ्यांची गलबतं वरच्या बाजारपेठेपर्यंत जात, म्हणून साहेबाने रेल्वेला वाट मिळावी आणि गलबतालाही मिळावी असा हा तोडगा काढला. पुढे गलबतं गेली, मासेमारांच्या होड्या राहिल्या. मग शेजारी नवा उंच पूल झाला, गाड्या तिकडून जाऊ लागल्या आणि जुना पूल गॅसने कापून भंगारात गेला. शेवटच्या दिवशी खालून एकच होडी गेली, तिच्यात नुसती जाळी होती, हे ते फार हळू आवाजात सांगत.

वीज गेली की आठ माणसं दांड्याला छाती लावून घाण्याच्या बैलांसारखी गोल फिरत. खाऱ्या वाऱ्याने दोर गंजत, म्हणून दर आठवड्याला ग्रीस. आणि पूल उचलण्याआधीची सगळी रीत त्यांना तोंडपाठ होती. स्टेशनवरून 'गाडी नाही' असा निरोप यायचा. रुळांचे सांधे सुटायचे. टोकांच्या खिट्ट्या निघायच्या. मग एक माणूस अख्ख्या पुलावरून चालत जायचा, कुणी माणूस, कुत्रं, राहिलेलं हत्यार बघायचा. दोन्ही मनोऱ्यांच्या पायथ्याशी वजन उतरण्यासाठी एकेक खड्डा होता. त्या खड्ड्यांत वाकून हाक मारायचा. मगच हात वर करायचा. तो चालणारा माणूस म्हणजे उकंडाबाबा.

ती चाल त्यांच्या अंगात मुरली होती. फाट्यावर एसटी सुटायच्या आधी ते एसटीला पूर्ण फेरी मारत, वाकून खाली बघत आणि मग पत्र्यावर दोन थापा देत. ड्रायव्हर वैतागे. "बाबा, तिकीट काढा नाहीतर बाजूला व्हा." विहिरीत बादली सोडण्याआधी ते विहिरीत हाक मारत. आपल्या मुलीकडे, शोभाताईंकडे, ते राहत. शोभाताई मला म्हणाल्या होत्या, "माह्या बापाले खाटेवर बसायचं असलं तरी पह्यले खाटेखाली पाह्यते. तिथं काय राह्यते? मांजर. मांजरीलेबी आता सवय झाली, त्याईले पाह्यलं का आपसूकच निघून जाते."

गावाने त्यांचं नावच 'खाली-कोन-हाये' असं पाडलं होतं. लग्नाच्या मांडवात कुणी बसायला लागलं की पोरं ओरडत, "खाली कोन हाये?" आणि सगळा मांडव हसे. मीही हसले आहे. ते लिहून टाकलेलं बरं.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती एका पत्रकामुळे. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील पाट्या रंगवत आणि जयंतीची, मोर्च्यांची, परिषदांची पत्रकं वाटत. उरलेली भिंतीला चिकटवलेली असत आणि मी अक्षरं त्या भिंतीवरच शिकले. त्यामुळे मला लिहायचं म्हणजे उद्गारचिन्हं द्यायची, एवढंच ठाऊक होतं. गावाच्या वर नदीवर बॅरेज झालं, मोठमोठी लोखंडी दारं बसली, हार घालून झाले, फोटो काढून झाले. पुढल्याच उन्हाळ्यात खालच्या गावांसाठी पाणी सोडलं, तेव्हा नदीच्या वाळूत डांगरं, म्हणजे खरबुजं, लावणाऱ्यांच्या डांगरवाड्यांमधल्या दोन झोपड्या आणि सगळे वेल वाहून गेले. माणसं कशीबशी वर पळाली. मी पत्रक लिहिलं आणि फाट्यावर वाटलं.

उकंडाबाबांनी ते बोट ठेवून ठेवून वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मग मला हाताने जवळ बोलावलं.

"जयभीम, पोरी. हे तू लिह्यलं?"

"हो बाबा."

"चांगलं तिखट लिह्यतं. पन यात मांगितलं काय?"

"न्याय मागितला आहे."

"त्याईनं उद्या विचारलं, न्याय म्हंजे किती वाजता कुठं उभं राह्यचं, तं काय सांगशीन?"

मी चिडले. मला वाटलं, म्हातारा टिंगल करतोय. पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला बॅरेजवर नेलं. पायी, टळटळीत दुपारी. दारांवरच्या पुलावर उभं राहून त्यांनी मला दोरांचे ड्रम, मोटर, दाराच्या खोबणी, चाकं, तळाचं रबर असं सगळं दाखवलं. हात लावून, एखाद्या नातेवाइकाची ओळख करून द्यावी तसं. दारं चालवायला कंत्राटावर एक माणूस होता, चाळिशीचा, बाहेरगावचा. त्याला साहेबांचा फोन आला की तो भोंगा वाजवायचा आणि बटण दाबायचा.

"भोंगा वाजवतो ना मी," तो म्हणाला.

"वाजवतं. कुठंलोक ऐकू जाते, पाह्यलं कधी?"

"नाही."

"वळनापलीकडं जात नाई. मी जाऊन उभा राह्यलो होतो. तिथं बाई भाकर थापून राह्यली होती, तिले काईच खबर नाई. वारा इकडून असला तं अजिबातच नाई."

मग ते माझ्याकडे वळले. "एवढंच मांग. दार उचलायच्या आंधी एका मानसानं वळनापर्यंत चालत जावं. डोयानं पाहावं. मान्सं वर आली का हात करावा. त्याबिगर बटन नाई दाबायचं. बस."

आयुष्याच्या शेवटी या माणसाला जगाकडून एवढंच हवं होतं. पंधरा-वीस मिनिटांची एक चाल. त्यासाठी त्यांनी पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात अर्ज दिला. एकदा नव्हे, सात वेळा. दर वेळी अर्जाखाली ते आपलं नाव लिहीत आणि त्याखाली 'पूल उचलणारा'. कारकुनांची करमणूक व्हायची. एकाने विचारलंही, "बाबा, एकट्याने उचलायचा का?"

"नाई जी. बाकीचे सात तुमच्यासारखे हासत राह्यचे."

रामय्याबद्दल त्यांनी मला सांगितलं, ते सातवा अर्ज परत आला त्या आठवड्यात. विहाराच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. मी पुढचं पत्रक लिहायला त्यांच्या नोकरीची माहिती विचारत होते. किती वर्षं, कोणतं पद, कधी काही अपघात? हा शेवटचा प्रश्न मी सहज विचारला होता, उत्तर 'कधीच नाही' असंच येणार म्हणून.

त्यांनी आपला तळहात उघडून बघितला.

"एक झाला."

रामय्या त्यांचा सोबती. तेलुगू बोलणारा, ठेंगणा, गाणी म्हणणारा. मनोऱ्याच्या खड्ड्यात खारं पाणी आणि चिखल साचायचा, तो उपसायचं काम त्याचं. त्या दिवशी एक लाँच आली, आत कुणी मोठा पाहुणा होता. लाँच शिट्टीवर शिट्टी देत होती. मुकादम ओरडत होता. उकंडाबाबा पुलावरून चालत गेले, नेहमीसारखे. पहिल्या खड्ड्यात वाकून हाक मारली. कुणी नव्हतं. दुसरा खड्डा पुलाच्या पार त्या टोकाला. शिट्टी थांबेना. ते अर्ध्यातच थांबले आणि त्यांनी तिथूनच हात वर केला.

"पूल वर जाऊन राह्यला होता. समदे वर पाहून राह्यले होते. पाहुन्यानं टोपी काढून हालवली. वजन हयूहयू येते, पोरी, त्याले घाई नसते. पन मोटरीच्या आवाजात रामय्याचा आवाज कोनाले जाईन? अन् शिडी एकाच बाजूनं होती, तो दुसऱ्या बाजूले."

मला वाटलं, एवढंच असेल. एवढंच पुरेसं होतं.

"मंग चौकशी आली. मुकादमानं आंधीच कागद लिहून ठेवला होता. 'हाक मारली होती. मयताने लक्ष दिले नाही.' मले म्हने, सही कर, नाईतर तू बी जाशीन अन् मी बी. मी केली. त्याची बायको दारात उभी होती, तिचं नाव लक्ष्मी. मले म्हने, 'भैया, तुमने आवाज दिया था ना?' मी म्हनलं, दिया था."

त्यांनी तळहात पालथा केला. "तिनं मानलं. तेच तं वाईट झालं. तिनं मानलं, अन् मंग जिंदगीभर नवऱ्यालेच बोल लावत राह्यली असन, का ऐकलं काहून नाई म्हनून."

आता मी काय केलं ते सांगते. मी घरी आले आणि पत्रक लिहिलं. माझ्या मते आजवरचं सगळ्यात चांगलं. 'एकतीस वर्षं पूल उचलणाऱ्या अनुभवी कामगाराचा सवाल!' एकतीस वर्षं, निष्कलंक सेवा, शिस्त, पुलाची रीत, बॅरेजवरची बेफिकिरी. रामय्या त्यात नव्हता. पत्रकात नायकाच्या कपड्यांवर डाग चालत नाही, हे मला भिंतीवरच्या अक्षरांनी शिकवलं होतं. डाग विरोधकाचा. आपला माणूस धुतलेला.

छापलेलं पत्रक मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नेहमीसारखं बोट ठेवून वाचलं. बोट 'निष्कलंक'वर थांबलं.

"हे अर्धंच लिह्यलं."

"बाबा, ते लिहिलं तर तुमचं कुणी ऐकणार नाही."

"मुकादमानंबी मले असंच सांगतलं होतं," ते म्हणाले. रागाने नाही. पत्रकाची नीट घडी करून त्यांनी ते मला परत दिलं.

पत्रक मात्र वाटलं गेलं, आणि त्याचा परिणाम झाला. खात्याचे साहेब ग्रामपंचायतीत बैठकीला आले. डांगरवाल्यांची चार घरं आली, अर्धं गाव आलं. साहेब चांगले बोलत होते. म्हणाले, सूचना विचार करण्यासारखी आहे, विशेषतः इतक्या अनुभवी माणसाकडून आलेली. मला जिंकल्यासारखं वाटलं. तेवढ्यात उकंडाबाबा उठले.

"साहेब, या पत्रकात एक गोष्ट राह्यली. माह्या चुकीनं एक मानूस मेला. मी हाक न मारता हात वर केला होता. अन् मारली म्हनून सही केली. मी चालत गेलो असतो तं तो वाचला असता. म्हनून मी चालायचं म्हनतो. अनुभव म्हनतात तो एवढाच हाये."

सभागृहात कुणीतरी खाकरलं. साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्या चेहऱ्यावर सुटका होती.

"म्हणजे ज्यांच्या हातून माणूस दगावला, ते आम्हाला सुरक्षा शिकवणार का?" ते म्हणाले. मागून कुणीतरी हळूच बोललं, "खाली कोन हाये?" आणि हसू फुटलं. बैठक दहा मिनिटांत संपली. भोंगा पुरेसा आहे, असा निष्कर्ष निघाला.

बाहेर मी त्यांच्याशी भांडले. खूप वाईट बोलले. म्हटलं, तुम्हाला तुमचं मन हलकं करायचं होतं, डांगरवाडीतल्या लेकरांचं काय? त्यांनी ऐकून घेतलं.

"तू म्हनतं ते खरं असन," ते म्हणाले. "पन अर्ध्या कागदावर मी दुसऱ्यांदा सही नाई करू शकत, माय."

मी तेव्हा अशा लोकांचा फार राग करत असे, जे लढाई हरतात पण खोटं बोलत नाहीत. आता माझं मत काय आहे ते मला नीट सांगता येत नाही. एवढं सांगते, की चौकशीचे अहवाल मी आता वेगळ्या डोळ्यांनी वाचते. 'सूचना देण्यात आली होती', 'मयताने दुर्लक्ष केले'. अशी वाक्यं लिहिणाऱ्याचं नाव त्यात कधी नसतं, आणि मेलेला माणूस उत्तर द्यायला उठत नाही. माझं ते पत्रकही त्याच जातीचं होतं.

बैठकीनंतर उकंडाबाबांनी अर्ज देणं सोडलं आणि चालणं सुरू केलं. बॅरेजवरच्या माणसाला त्यांनी आपला नंबर दिला. "फोन आला का मले एक मिस कॉल दे. नाई देल्ला तरी मी रोज येतोच." तो माणूस आधी हसला. पण त्याचीही दोन लेकरं होती, आणि बटणावर बोट त्याचंच होतं. साहेबांचा फोन आला की तो मिस कॉल द्यायचा. बाबा काठी घेऊन निघायचे. शहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, वाळूत पाय रुतणारे. वळणापर्यंत जायचे, झोपडीझोपडीत वाकून बघायचे, माणसं, शेळ्या, भांडी वर काढायचे आणि मग हात करायचे. त्या वर्षी एकही झोपडी वाहिली नाही, माणूसही नाही. यासाठी कुणी हार घातला नाही. न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बॅरेजवरूनच. त्यानंतर नऊ दिवसांनी ते शोभाताईंच्या घरी, दुपारच्या झोपेतच गेले. पण त्या दिवशी ते उभे होते, चालत होते. भांडणानंतर मी बरेच दिवस त्यांना टाळलं होतं. माफी मागायची म्हणून गेले, तर ते आधीच खाली वाळूत उतरले होते. मी कठड्याला टेकून उभी राहिले. बॅरेजवरचा माणूस माझ्या शेजारी.

ऊन चढलं होतं. बाबा वीस पावलं चालत, काठीवर दोन्ही हात ठेवून थांबत, पुन्हा चालत. मागच्या वेळेपेक्षा फार हळू. वळण अजून लांब होतं.

ते वळणाच्या जवळ आले, तेव्हा फोन वाजला. त्याने उचलला. साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता. खालच्या गावाहून ओरड होती, पाणी का सुटलं नाही?

त्याने खाली बघितलं. बाबा थांबले होते. या वेळी जास्त वेळ. मला वाटलं, आता बसतील. बसले नाहीत.

"साहेब, मोटर गरम झाली," तो म्हणाला. "थंड होऊ द्यावी लागते."

"किती वेळ?"

"सांगता येत नाही साहेब."

फोन बंद करून त्याने खिशात टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मी जाऊ का त्यांच्या मदतीला? पण मग इथं कोण राहील?"

"मी जाते," मी म्हटलं. पण पायऱ्या उतरून वाळूत पोचेपर्यंत ते वळणाआड गेले होते. नुसत्या पावलांच्या आणि काठीच्या खुणा दिसत होत्या. मी धावले. वळणावर पोचले तेव्हा डांगरवाल्याची बायको लेकराला कडेवर घेऊन दरड चढत होती, नवरा मागे शेळी ओढत होता आणि बाबा शेवटच्या झोपडीच्या दारात वाकून आत बघत होते. झोपडी रिकामी होती. तरी त्यांनी हाक मारली. उत्तर येईल म्हणून क्षणभर वाट पाहिली. मग त्यांनी मला पाहिलं.

"तू कायले आली इथं खाली? चाल, वर चाल पह्यले."

माफीचं बोलायला वेळ नव्हता. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि मला पुढे घातलं. स्वतः मागून चढले. दरडीवर पोचल्यावर ते खाली बसले, श्वास लागला होता. डांगरवाल्याने गडव्यातून पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावरच त्यांनी काठी उंच केली.

त्या दिवशी पाणी चाळीस मिनिटं उशिरा सुटलं. बॅरेजच्या वहीत कारण लिहिलं आहे, 'मोटर गरम झाल्यामुळे'. तो माणूस आता ती नोकरी सोडून आपल्या गावी गेला आहे, म्हणून हे लिहायला हरकत नाही. मोटर गरम झाली नव्हती. एक म्हातारा माणूस वाळूतून हळू चालत होता.